रानवाटांचं विज्ञान (लेखांक ७) : डास चावला नाही, एवढ्यानं काय ठरतं?

मागच्या लेखात आपण सिडनीच्या आसपासच्या रानात चालणाऱ्याला कोण कोण गाठतं ते पाहिलं. माश्या, डास, गोचिडी आणि जळवा. तिथले लोक या निलगिरीच्या रानाला बुश म्हणतात आणि सुट्टीच्या दिवशी सॅक पाठीला लावून त्यात मैलोन्‌मैल चालतात. तेव्हा पुढचा प्रश्न उघड आहे : अंगाला लावायचं कोणतं रिपेलंट खरंच चालतं? पण त्याच्याही आधी एक प्रश्न येतो. ते चालतं, हे कुणी ठरवलं आणि कसं? आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नावर आहे. त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं उत्तर दुकानात उभं राहून आपलं आपल्यालाच काढता येतं.

सुरुवात एका प्रसिद्ध प्रसंगानं करू. १९६३ मध्ये राणी एलिझाबेथ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आल्या होत्या. कॅनबेराच्या मोकळ्या हिरवळीवर पाहुण्यांना त्रास होणार होता तो बुश फ्लाय या माशीचा. ही माशी चावत नाही. घाम, अश्रू आणि लाळेतली प्रथिनं मिळवण्यासाठी ती डोळ्यांच्या कडांवर, ओठांवर येऊन बसते आणि हाकलली तरी क्षणात परत येते. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ डग वॉटरहाउस यांनी महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी डासरोधकांवर काम केलं होतं. आता त्यांच्याकडे माश्यांवरचा एक नवा फवारा तयार होता. तो राणींवर आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींवर मारण्यात आला. मागून येणाऱ्या बातमीदारांच्या लक्षात आलं की राणींच्या भोवती माश्याच नाहीत. बातमी पसरली. लवकरच मॉर्टीन बनवणाऱ्या कंपनीनं वॉटरहाउस यांच्याकडे फवाऱ्याचं सूत्र मागितलं आणि त्यांनी ते देऊन टाकलं, कारण सरकारी पैशातून झालेलं संशोधन सर्वांना खुलं ठेवायचं असं संस्थेचं तेव्हा धोरण होतं. त्यातून एरोगार्ड आलं आणि ते ऑस्ट्रेलियात घराघरांत पोहोचलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात चाचणीचा गाभा दिसतो. राणींच्या अंगावर माशी बसली नाही, एवढ्यानं फवाऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. त्या दिवशी वारा जोरात असता किंवा माश्याच कमी असत्या, तरी हेच झालं असतं. पण त्याच हिरवळीवर, त्याच वेळी, फवारा न मारलेली माणसंही होती. दोन्ही गट एकाच जागी असल्यामुळे फरक डोळ्यांत भरला. शास्त्रीय भाषेत बोलायचं तर बातमीदार नकळत तुलनागट झाले होते. हा तुलनागट नसेल तर कितीही वेळा औषध लावून चाला, हाती येतो तो अनुभव, पुरावा नव्हे. ‘मी हे तेल लावून अख्खा ट्रेक केला, एक डास चावला नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यावर विचारायचा प्रश्न एकच : तेल न लावलेल्या सोबत्याला किती चावले?

प्रयोगशाळेत हीच तुलना काटेकोरपणे केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये डासरोधकांच्या चाचणीची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यातली मुख्य पद्धत अशी. साधारण हातभर लांबी-रुंदीच्या जाळीदार पिंजऱ्यात रक्त न प्यालेल्या दोन-अडीचशे डासमाद्या सोडतात. स्वयंसेवक आधी औषध न लावलेला हात आत घालतो. अर्ध्या मिनिटात किमान १० डास हातावर उतरले, तरच चाचणी पुढे जाते, कारण भूक नसलेल्या डासांनी औषधाची परीक्षा होत नाही. मग कोपरापासून मनगटापर्यंत ठरावीक मात्रेत औषध लावलेला हात ठरावीक अंतरानं पुन:पुन्हा आत घातला जातो. हाताचा पंजा हातमोज्यात झाकलेला असतो. औषध लावल्यापासून पहिला डास उतरेपर्यंत किंवा चावेपर्यंत गेलेला वेळ म्हणजे पूर्ण संरक्षणाचा काळ. रिपेलंट किती ‘कडक’ आहे हे विचारण्यात अर्थ नाही. ते किती वेळ टिकतं, हेच मोजलं जातं.

या मापानं औषधांची जी उतरंड लागते ती विचार करायला लावणारी आहे. २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रॅडिन आणि डे यांनी १५ स्वयंसेवकांवर केलेली अशीच एक तुलना प्रसिद्ध झाली. २३.८ टक्के डीट हे रसायन असलेल्या औषधानं सरासरी ३०१.५ मिनिटं, म्हणजे पाच तास, संरक्षण दिलं. सोयाबीन तेलाच्या एका उत्पादनानं ९४.६ मिनिटं दिली. वनस्पतिजन्य म्हणून विकली जाणारी बाकीची औषधं २० मिनिटंही टिकली नाहीत. आणि मनगटाला बांधायचे सुगंधी पट्टे? त्यांनी व्यवहारात काहीच संरक्षण दिलं नाही. पट्टा बांधून मुलांना रानात नेणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हे लक्षात ठेवावं.

टक्क्यांचा अर्थही इथेच उलगडतो. डीट अमेरिकी सैन्यानं १९४६ पासून वापरलं आणि १९५७ मध्ये ते सामान्य ग्राहकांसाठी खुलं झालं. १० टक्के डीट सुमारे दोन तास पुरतं, २४ टक्क्यांच्या आसपास पाच तास. ५० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर वेळ फारसा वाढत नाही. म्हणजे दोन तासांच्या फेरीला निघालेल्या माणसानं सगळ्यात जास्त टक्क्यांची बाटली घेण्याचं कारण नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाचंही तसंच आहे. क्वीन्सलँडच्या रानात वाढणाऱ्या लिंबासारख्या वासाच्या निलगिरीचं साधं सुगंधी तेल लवकर उडून जातं, पण त्याच झाडापासून प्रक्रिया करून मिळणारं पीएमडी हे द्रव्य तासन्‌तास टिकतं. झाड एकच. बाटलीत नेमकं काय भरलंय, त्यावर सगळं ठरतं. (पीएमडीची औषधं तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत.)

मग पिंजऱ्यातले पाच तास बुशमध्ये पाच तासच राहतात का? नाही. पिंजऱ्यातला हात घामेजलेला नसतो, त्यावर सॅकचा पट्टा घासत नाही, तो ओढा ओलांडत नाही. हवेचं तापमान १० अंशांनी वाढलं तर संरक्षणाचा काळ निम्म्यापर्यंत घटू शकतो. डासांच्या जातींनुसारही फरक पडतो आणि माणसामाणसांतही. काही लोकांकडे डास खरोखरच जास्त ओढले जातात. म्हणून गंभीर चाचणीचा दुसरा टप्पा रानात होतो. औषध लावलेले आणि न लावलेले स्वयंसेवक पोटऱ्या उघड्या ठेवून बसतात. अंगावर डास उतरला की चावायच्या आत तो नळीनं ओढून घेतला जातो आणि त्याची नोंद होते. ठरावीक वेळानं सगळे जागा बदलतात, म्हणजे एखादी जागा झऱ्याजवळची असली तरी तिचा दोष एकाच औषधाच्या माथी येत नाही. स्वयंसेवकांची लेखी संमती आणि आजारांपासून संरक्षणाची तजवीज ही या चाचणीची पूर्वअट असते.

ही तजवीज महत्त्वाची आहे, कारण ऑस्ट्रेलियात मलेरिया उरलेला नसला तरी डास निरुपद्रवी नाहीत. तिथला सर्वाधिक आढळणारा डासजन्य आजार म्हणजे रॉस रिव्हर ताप. त्यात सांधे आठवड्यान्‌आठवडे, कधी महिनोन्‌महिने दुखतात. म्हणून ‘एक पाय मोकळा ठेवून बघू या’ असला प्रयोग कुणी डासांवर करू नये.

स्वतः काही तपासून पाहायची हौस असेल तर बुश फ्लायवर पाहावं, कारण ती चावत नाही आणि चालणाऱ्यांच्या पाठीवर झुंडीनं बसते. एकसारख्या रंगाचे शर्ट घातलेले दोघे घ्या. फवारा कुणी मारून घ्यायचा ते नाणं उडवून ठरवा, म्हणजे आपली आवडनिवड मध्ये येणार नाही. कुणावर फवारा आहे हे न सांगता तिसऱ्याला दर अर्ध्या तासानं दोघांच्या पाठीवरच्या माश्या मोजून वहीत लिहायला सांगा. वास येणार नाही इतक्या अंतरावरून मोजलेलं बरं. पुढच्या वेळी दोघांची अदलाबदल करा. वेळ, ऊन, वारा आणि घाम यांची नोंद ठेवा. राणींच्या मागून चालणाऱ्या बातमीदारांकडे जे नव्हतं, म्हणजे आकडे, घड्याळ आणि अदलाबदल, ते सगळं यात आहे. मात्र यातून निघेल तो निष्कर्ष माश्यांपुरताच. त्यावरून डासांबद्दल काही ठरवू नये.

गोचिडीबद्दल तर मुळीच ठरवू नये. ती उडत येत नाही, गवतावरून कपड्यांवर चढते आणि चालत त्वचेपर्यंत पोहोचते. तिच्यासाठी त्वचेवरच्या औषधाइतकंच किंवा त्याहून जास्त महत्त्व अंगभर कपड्यांना, मोज्यांत खोचलेल्या पायजम्याला आणि कपड्यांवर मारायच्या परमेथ्रिनला आहे. परमेथ्रिन त्वचेवर लावायचं नसतं.

हा मुद्दा आपल्या अगदी दाराशी आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडीतून पसरतो. तो २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात आढळला. काजूच्या बागेत जाणारा, पालापाचोळा गोळा करणारा माणूस आणि त्याच सह्याद्रीत ट्रेकला आलेला तरुण, दोघांनाही धोका तोच. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेलं डेपा हे रिपेलंट कर्नाटकच्या बाधित भागांत वाटलं गेलं, ते याच कारणानं. तिथे मोहरीचं तेल किंवा कडुनिंबाचा पाला यांच्या भरवशावर राहणं म्हणजे चाचणीतून सिद्ध न झालेल्या गोष्टीवर जीव टांगून ठेवणं आहे.

म्हणून वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढच्या वेळी रिपेलंट विकत घेताना डब्याच्या पुढच्या बाजूवरचं झाडाचं चित्र पाहू नका, मागची बाजू वाचा. घटकद्रव्याचं नाव आणि टक्के लिहिलेले असतील तरच घ्या. डीट, पिकारिडिन, पीएमडी, आयआर ३५३५ ही तपासून सिद्ध झालेली नावं आहेत. आपल्याकडच्या ओडोमॉससारख्या क्रीममध्ये डायइथाइल बेंझामाइड असतं. आधी सनस्क्रीन आणि त्यावर रिपेलंट, हा क्रम पाळा. कान, घोटे आणि मानेची मागची बाजू सोडू नका, कारण डास उघडी राहिलेली जागा हमखास शोधतो. डीट प्लास्टिक विरघळवतं, तेव्हा घड्याळाची काच आणि चष्मा जपा. वेष्टनावर पाच तास लिहिले असतील तर घाटवाटेवर घामाच्या दिवशी तीन तासांनीच पुन्हा लावा, पण दिवसातून किती वेळा लावायचं याची वेष्टनावरची मर्यादा ओलांडू नका.

पुढच्या आठवड्यात : अंगाला चिकटलेली गोचीड कशी काढायची, आणि काढताना काय करायचं नाही.