बोट कोणाचे, नाव कोणाचे?

सर्जरीच्या इतिहासात मला ऑपरेशनांपेक्षा भांडणांची गोडी जास्त. श्रेयावरून दोन सर्जन हमरीतुमरीवर आले की पाठ्यपुस्तकांनी गाळलेले तपशील बाहेर पडतात. यूरॉलॉजीत अशी भांडणे पुष्कळ. त्यातले पीटर फ्रायरचे मला सर्वांत आवडते.

आयरिश फ्रायर 1875मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. उत्तर हिंदुस्थानात तेव्हा मूतखड्याचे रुग्ण अमाप. पोट न चिरता, लघवीच्या मार्गाने उपकरण घालून खडा चुरडायचा आणि चुरा त्याच बैठकीत धुऊन काढायचा, ही पद्धत बोस्टनच्या बिगेलोने 1878मध्ये मांडली. लहान मुलांत ती चालणार नाही हा समज इंदूरच्या कीगनने मोडून काढला. फ्रायरने तीच पद्धत उचलली आणि 1886मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. रामपूरच्या नवाबाने त्याला खडा काढल्याबद्दल लाखभर रुपये दिले, तेव्हा सरकारनेच त्यावर हरकत घेतली! 1896मध्ये नोकरी सोडून तो लंडनला गेला.

1 डिसेंबर 1900 रोजी त्याने प्रॉस्टेट वाढून लघवी तुंबलेल्या एका म्हाताऱ्याचे ऑपरेशन केले. ओटीपोटातून मूत्राशय उघडायचे, एका हाताचे बोट आत, दुसऱ्या हाताचे गुदद्वारात. खालून रेटा देत गाठ सोलून काढायची. पुढच्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चार रुग्ण मांडून त्याने ऑपरेशन नवे असल्याचा दावा केला.

न्यूयॉर्कचा यूजीन फुलर खवळला, आणि रास्तच. त्याने असेच सहा रुग्ण 1895मध्येच प्रसिद्ध केले होते. फुलर खालून मुठीने दाब देई. गुदद्वारातल्या बोटाची युक्ती त्याच्याच शहरातल्या रामोन गिटेरासची. हा गिटेरास 1900मध्ये पॅरिसच्या परिषदेत या ऑपरेशनावर बोलला आणि लंडनला जाऊन फ्रायरला भेटला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रायरने हाती घेतले ते बोटासकट तेच ऑपरेशन! माझ्या मते एवढा पुरावा पुरेसा आहे.

शरीररचनेच्या जाणकारांनी दुसरी चूक दाखवली. आपण संपूर्ण प्रॉस्टेट काढतो, असे फ्रायर म्हणे. प्रत्यक्षात निघत होती ती आतली वाढलेली गाठ. मूळ ग्रंथी दाबली जाऊन संत्र्याच्या सालीसारखी मागेच राहत होती.

तरीही त्याला नुसता उचल्या म्हणून मोडीत काढता येत नाही. फुलरची सहा ऑपरेशने फारशी कोणी वाचली नाहीत. फ्रायर मात्र करत, मोजत आणि छापत राहिला. 1912पर्यंत हजार रुग्ण झाले. आंधळेपणाने, केवळ स्पर्शावर चाललेल्या, भरपूर रक्त जाणाऱ्या या ऑपरेशनात दगावणारे शंभरात पाच-सहा. कॅथेटरवर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्यांना दुसरा उपाय फारसा नव्हताच.

आज होल्मियम लेझरने गाठ सोलतात, तीही फ्रायरचे बोट जिथून फिरे त्याच पदरातून. माझ्यापुरता निकाल असा: कल्पना फुलरची, युक्ती गिटेरासची, आणि जगाला ते ऑपरेशन करायला लावले फ्रायरने. पुस्तकांनी ऑपरेशनाला एकट्या फ्रायरचे नाव दिले, ते चूक.