नगरचे ह्यूम: दोन देशांत वाटलेलं घर

रॉबर्ट विल्सन ह्यूम मुंबईहून अमेरिकेला निघाले, पण पोहोचले नाहीत. १८५४च्या नोव्हेंबरात आफ्रिकेचं दक्षिण टोक जवळ आलं असताना जहाजावरच त्यांना मरण आलं. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांची पंधरा वर्षं गेली होती. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राचं संपादन त्यांनी मुंबईत बसून केलं होतं, आणि तब्येत ढासळली म्हणून ते मायदेशी चालले होते. पुढे पत्नी हॅना यांनी मुलांना अमेरिकेत वाढवलं. त्यांतले दोन मुलगे, रॉबर्ट ॲलन आणि एडवर्ड, जन्माने मुंबईचे होते. वडील गेले तेव्हा रॉबर्ट सात वर्षांचा होता. वीस वर्षांनी तो त्याच किनाऱ्यावर परत उतरला, तेव्हा त्याच्यासोबत पत्नी ॲबी होती.

या ॲबी म्हणजे एबेनेझर बर्जेस यांच्या कन्या. बर्जेस अहमदनगरला मिशनरी होते. भारत सोडल्यावर त्यांनी ‘सूर्यसिद्धान्ता’चा इंग्रजी अनुवाद पूर्ण केला, तो १८६०मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीने प्रसिद्ध केला. धर्म शिकवायला आलेला माणूस परत जाताना भारतीय ज्योतिषाचा ग्रंथ सोबत नेतो आणि पुढली वर्षं त्याच्याशी झटतो, हे मला त्या पिढीचं मोठंच लक्षण वाटतं. तेव्हा १८७४मध्ये नगरला आलेल्या या नवरा-बायकोच्या दृष्टीने भारत हा नकाशावर बोट ठेवून निवडलेला देश नव्हता. दोघांच्याही घरांत नगर-मुंबईच्या गोष्टी सांगितल्या गेल्या असणार.

मिशनरी जोडप्याच्या आयुष्याची चौकट बोस्टनमध्ये ठरत असे. मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची पहिली माणसं मुंबईत पोहोचली १८१३मध्ये आणि नगरला केंद्र उभं राहिलं १८३१मध्ये. पगार बोस्टनहून यायचा, अहवाल बोस्टनला जायचा. काही वर्षांच्या कामानंतर मायदेशी रजा मिळायची, पण ती नावाचीच. रजेवरचा मिशनरी गावोगावच्या चर्चमधून भाषणं करत फिरायचा, कारण नगर जिल्ह्यातल्या शाळा त्या चर्चमध्ये जमणाऱ्या वर्गणीवर चालायच्या. सुएझचा कालवा १८६९मध्ये उघडण्याआधी एका बाजूचा प्रवासच चार-पाच महिन्यांचा असे. कालव्यानंतर अंतर कमी झालं, वियोग काही कमी झाला नाही. मुलं शिकण्याच्या वयाची झाली की त्यांना अमेरिकेत ठेवावं लागे, नातेवाइकांकडे किंवा मिशनऱ्यांच्या मुलांसाठी चालवलेल्या वसतिगृहांत. आईवडील एका खंडात, मुलं दुसऱ्या, आणि मध्ये पत्रं. या व्यवस्थेचा भार बायकांवर आणि मुलांवर अधिक पडला, तरी अहवालांत तो फार थोड्या ओळींत येतो. ॲबी ह्यूम १८८१मध्ये पाचगणीला वारल्या. सात वर्षांचा संसार. मागे लहान मुलं राहिली.

नगरमध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८मध्ये धर्मशिक्षणाची शाळा उघडली, खेड्यांतल्या मंडळींसाठी मराठी बोलणारे पाळक तयार व्हावेत म्हणून. ती मंडळी बहुतेक महार आणि मांग समाजांतली होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला कोणी पाटीवर अक्षर गिरवायला बसवतो, याचं मोल त्या माणसालाच ठाऊक. नगरला ही परंपरा जुनी होती. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी तिथे मुलींची शाळा चालवली होती. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली होती. पुढे याच धर्मशिक्षणाच्या शाळेत रेव्हरंड टिळक शिकवू लागले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही ह्यूमसाहेब हे नाव परकं वाटणार नाही.

खेड्यांत शिकवताना ह्यूमना एका प्रश्नाला वारंवार तोंड द्यावं लागे. ख्रिस्ताचं नाव कानावर न येताच जे मेले, त्या आमच्या वाडवडिलांचं काय? जुन्या कर्मठ शिकवणुकीत याचं उत्तर होतं आणि ते भयंकर होतं. आपल्या आजा-पणज्यांना कायमच्या आगीत टाकणारा देव कुणाला जवळचा वाटेल? ज्या संस्कृतीत पितरांसाठी वर्षाचा एक पंधरवडा राखून ठेवलेला आहे, तिथे हा प्रश्न जिज्ञासेचा उरत नाही, जिव्हाळ्याचा होतो.

ह्यूम १८८०च्या दशकाच्या मध्याला रजेवर गेले तेव्हा ज्या अँडोव्हरच्या सेमिनरीत ते शिकले होते, तिथे हाच वाद पेटलेला होता. ज्यांना या जन्मी ख्रिस्ताची ओळख झाली नाही त्यांना मृत्यूनंतर ती संधी मिळू शकेल, असं तिथले काही प्राध्यापक मांडत होते. १८८६मध्ये अँडोव्हरलाच एका मेळाव्यात ह्यूम बोलले. असं मानायला वाव असेल तर भारतात काम करणाऱ्याला दिलासा मिळेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बोर्डाच्या कार्यकारी समितीला ते रुचलं नाही आणि त्यांना नगरला परत पाठवण्याचा निर्णय अडकून पडला. मृत्यूनंतरही संधी आहे असं मानलं तर मग मिशनरी पाठवायचेच कशाला, अशी विरोधकांची भीती होती.

ह्यूम यांच्या सगळ्या कामांत मला हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. चाळिशीला टेकलेला, पत्नी गमावलेला माणूस. त्याची शाळा, त्याची माणसं, पत्नीची कबर, सगळं समुद्रापलीकडे. परतीचं तिकीट ज्यांच्या हाती होतं त्यांच्यापुढे मान तुकवणं सोपं होतं. त्यांनी नगरच्या माणसांचा प्रश्न मागे घेतला नाही. पुढे आलेल्या दुष्काळातलं काम त्यांना सन्मान देऊन गेलं, ते योग्यच झालं. पण अन्न एका देशातून दुसऱ्या देशात नेणाऱ्याला दोन्हीकडून दुवा मिळतो, प्रश्न नेणाऱ्याला तशी खात्री नसते.

१८८७मध्ये अखेर परवानगी मिळाली. त्याच वर्षी त्यांनी केटी फेअरबँक यांच्याशी लग्न केलं आणि परत आले. केटी तर नगर जिल्ह्याच्याच म्हणायच्या. वडाळ्याला वर्षानुवर्षं राहिलेल्या सॅम्युएल फेअरबँक यांच्या त्या कन्या. हे फेअरबँक पाळक होते आणि पक्ष्यांचे अभ्यासकही. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे.

१८९३मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ह्यूम यांनी ख्रिस्ती आणि हिंदू विचारांवर निबंध वाचला. विवेकानंदांमुळे आपण ती परिषद ओळखतो, पण त्याच व्यासपीठावर नगरचा हा माणूसही होता. नंतर १८९९-१९००चा दुष्काळ आला. अमेरिकेत ‘ख्रिश्चन हेराल्ड’ पत्राने मदत गोळा केली, १९००मध्ये ‘क्विटो’ हे जहाज मका भरून मुंबईला आलं, आणि अमेरिकन मदतीचं वाटप पाहणाऱ्या समितीचं चिटणीसपद ह्यूम यांच्याकडे होतं. अनाथ झालेली मुलं मिशनच्या वसतिगृहांत आली. पुढल्या वर्षी सरकारने ह्यूम यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं.

पैसा बाहेरून येत होता, त्यामुळे सत्ताही बाहेर होती, हे विसरून चालणार नाही. मिशनरी साहेब आणि मिशनचा मराठी नोकर हा भेद भल्या माणसांच्या हातूनही पुसला गेला नाही. टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यामागे इथला ख्रिस्ती माणूस आपल्या पायांवर आणि आपल्या पद्धतीने उभा राहावा ही तळमळ होती.

ह्यूम घराण्याच्या पुढच्या पिढीत दोन देशांचे तीन झाले. रॉबर्ट-ॲबी यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला परतली आणि तिथल्या बायकांसाठी तिने दवाखाना चालवला. रॉबर्ट यांचे धाकटे भाऊ एडवर्ड भायखळ्याला शाळा चालवत. त्यांचा नगरला जन्मलेला मुलगा एडवर्ड हिक्स चीनमध्ये चांगशाला गेला आणि १९०६मध्ये तिथे त्याने येल विद्यापीठाच्या मंडळींतर्फे रुग्णालय सुरू केलं. याच पिढीतल्या रॉबर्ट अर्नेस्टने तेरा प्रमुख उपनिषदं इंग्रजीत आणली. ते पुस्तक १९२१मध्ये ऑक्सफर्डने काढलं आणि आजही वापरलं जातं.

रॉबर्ट ह्यूम १९२६मध्ये निवृत्त झाले. नगरमध्ये पन्नासहून अधिक वर्षं काढल्यावर ते अमेरिकेला गेले आणि १९२९मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये वारले. नगरात त्यांच्या नावाचं ह्यूम मेमोरियल चर्च आहे, आणि तिथे उपासना मराठीत चालते. याच ख्रिस्ती समाजातले भास्कर पांडुरंग हिवाळे उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि परतून आले. त्यांनी १९४७मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं, आणि ते सुरुवातीपासून सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी खुलं होतं.