कबुतरांच्या ढाबळीत जमिनीवर काय अंथरावे

कबुतर रात्री दांडीवर किंवा फळीच्या खणात बसते आणि अंडी घरट्याच्या पसरट वाडग्यात घालते. ढाबळीच्या जमिनीवर त्याचा मुक्काम थोडाच असतो, तरीही त्याचे आरोग्य मोठ्या प्रमाणावर याच जमिनीवर ठरते. दाणा तिथे पडतो, पाणी तिथे सांडते आणि घरट्यातून उतरलेली पिल्ले पहिले काही दिवस तिथल्याच एखाद्या कोपऱ्यात काढतात. शीटही तिथेच साचते. एका कबुतराची वर्षाची शीट साधारण दहा-बारा किलो भरते. म्हणजे वीस कबुतरांच्या लहानशा ढाबळीतही वर्षाला दोनशे किलोंहून अधिक. ती कोरडी राहते की ओली, हा खरा प्रश्न आहे. भुसा चांगला की वाळू, जाळी चांगली की फळी, याचे उत्तर त्यानंतरच शोधता येते.

पक्ष्यांच्या शरीरातला नायट्रोजनयुक्त टाकाऊ भाग पातळ लघवीवाटे जात नाही, तो यूरिक आम्लाच्या रूपात शिटेबरोबर पडतो. शिटेवरचा पांढरा ठिपका तो हाच. कोरड्या शिटेत हे आम्ल बराच काळ जसेच्या तसे राहते. ओल मिळाली की जिवाणू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. हा वायू कबुतरांचे डोळे आणि श्वासनलिका होरपळवतो आणि श्वसनाच्या रोगांना वाट मोकळी करून देतो. माणूस ढाबळीत उभ्याने वावरतो, त्यामुळे त्याला वास उशिरा जाणवतो. सकाळी दार उघडल्यावर उकिडवे बसून, जमिनीपासून वीतभर अंतरावर श्वास घेतला तर खरी परिस्थिती कळते. तिथे नाकाला झोंबत असेल, तर अंथरण कोणतेही असो, ते बदलण्याची वेळ आलेली असते.

ओलीचा दुसरा धोका परजीवींचा. कबुतरांच्या आतड्यात राहणाऱ्या आयमेरिया या सूक्ष्म जीवामुळे कॉक्सिडिओसिस होतो. त्याची बीजांडे शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग देऊ शकत नाहीत. ऊब, हवा आणि ओलावा मिळाला तर ती एक-दोन दिवसांत पक्व होतात, आणि मग दाण्याबरोबर पोटात गेली की नवा पक्षी आजारी पडतो. गोल जंतांच्या अंड्यांना यासाठी साधारण दोन आठवडे किंवा अधिक लागतात. जंतुनाशके या अंड्या-बीजांडांवर फारशी चालत नाहीत. कोरडेपणा आणि उष्णता चालते. रोजच्या रोज शीट खरवडणारा पालक बीजांडे पक्व होण्याआधीच बाहेर काढतो, आणि शीट साचू देणाऱ्याला ती कोरडी तरी ठेवावीच लागते. यांपैकी कोणता मार्ग धरायचा हे आधी ठरवले की अंथरणाची निवड बरीच सोपी होते.

सर्वांत जुना आणि आजही मान असलेला मार्ग म्हणजे काहीच न अंथरणे. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये शर्यतीच्या कबुतरांचा छंद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथे अनेक ढाबळींत उघड्या लाकडी जमिनी असतात आणि सकाळ-संध्याकाळ पत्र्याच्या खरवडणीने त्या साफ केल्या जातात. यात कष्ट आहेत, पण त्या कष्टांचा एक मोठा मोबदला मिळतो. स्वच्छ फळीवर रात्रीची शीट स्पष्ट दिसते. निरोगी कबुतराची शीट घट्ट, तपकिरी-हिरवट, वर पांढरी टोपी आणि शेजारी पडलेले एखादे पीस अशी असते. ती पातळ, गडद हिरवी किंवा पाण्यासारखी दिसली, तर तो पक्षी कोणत्या खणाखाली बसतो यावरून नेमका ओळखता येतो. खाली जाड अंथरण असेल तर हीच सूचना त्यात बुडून जाते. ज्याला रोज अर्धा तास देता येतो त्याने कोरडी फळी निवडावी. तिच्याइतके प्रामाणिक अंथरण दुसरे नाही.

फळीसाठी पाण्याला टिकणारे जाड प्लायवूड चालते. त्याच्या कडा मात्र बंद कराव्या लागतात, कारण पाणी तिथूनच शिरते. गुळगुळीत तैलरंग दिला तर खरवडणे सोपे होते, पण दमट हवेत अशा पृष्ठभागावर ओल धरते आणि शीट वाळण्याऐवजी चिकट होते. सिमेंटचा कोबा उंदरांना दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पावसाळ्यात मात्र तो पाझरतो आणि गार पडतो. त्यावर फळीचे तुकडे किंवा कोरडे अंथरण हवेच. चकचकीत फरशी टाळावी. वाडग्यात किंवा जमिनीवर पायांना पकड मिळाली नाही, तर कोवळ्या पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि ते व्यंग कायमचे राहू शकते. म्हणूनच घरट्याच्या वाडग्यातही काड्या किंवा खरबरीत चकती ठेवतात.

मातीच्या जमिनीचा इतिहास थोडा वेगळा आहे. बंदुकीच्या दारूसाठी लागणारे सोरामीठ कबुतरांच्या विष्ठेने मुरलेल्या मातीतून काढले जाई. इंग्लंडमध्ये सोरा गोळा करणारी राजाची माणसे त्यासाठी लोकांच्या कबुतरखान्यांच्या जमिनी खणत. राजा पहिला चार्ल्स याच्या काळात, १६२० च्या दशकात, कबुतरखान्यांत दगड, विटा किंवा फळ्या बसवू नयेत, जमीन मऊ मातीचीच ठेवावी, असा हुकूम निघाला होता. राजाला जे हवे होते तेच कबुतरांना घातक आहे. माती ओल धरते, शीट मुरवते आणि जंतांची अंडी महिनोन्‌महिने जपते. शेणाने सारवलेली जमीन घरात कितीही सुखद वाटली, तरी ढाबळीत तिचा दोष हाच: ती खरवडता येत नाही आणि खरवडली तर उखडते.

दुसरा मार्ग जाळीचा. लाकडी पट्ट्यांची किंवा जोडतारेची जाळी जमिनीपासून काही अंतरावर बसवली की शीट खाली पडते आणि पक्ष्यांचा तिच्याशी संबंध तुटतो. सांडलेला दाणाही खाली जातो. तो वाया जातो हे खरे, पण शिटेत पडलेला दाणा टिपण्यापेक्षा वाया गेलेला बरा. फटी शीट सहज पडेल इतक्या रुंद आणि पिल्लाचा पाय अडकणार नाही इतक्या अरुंद हव्यात. तारेपेक्षा लाकडी पट्टी तळव्यांना मऊ, पण पट्टीच्या वरच्या बाजूवर शीट साचते आणि ती घासावी लागते. जाळीखालची जागा ही या पद्धतीची खरी कसोटी आहे. तिथे हात किंवा खोरे पोहोचत नसेल तर महिन्याभरात उंदीर, माश्या आणि अमोनिया यांचे घर तयार होते. खालून येणारा गार वाराही थंडीत पिल्लांना सोसत नाही. म्हणून जाळीचे भाग उचलता येतील असे, सुटे बनवणे शहाणपणाचे.

तिसरा मार्ग म्हणजे ओल शोषणारे अंथरण. युरोपात गव्हाचे किंवा जवसाचे काड जाड थरात पसरतात. शीट काडांमधून खाली जाते, वरचा थर कोरडा राहतो आणि घरट्यासाठी काड्या उचलायची कबुतरांची हौसही भागते. आपल्याकडे भाताचा पेंढा सहज मिळतो. पण काड असो वा पेंढा, तो करकरीत वाळलेला हवा. दमट पेंढ्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू कबुतरांच्या फुप्फुसांत जातात. साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्रात उसाचे बगॅसही मुबलक आहे. ते ओल चांगली शोषते, पण ओले राहिले की लवकर बुरसटते. बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीमुळे माणसांना फुप्फुसांचा विकार होतो, हे तर वैद्यकात नोंदलेले आहे.

कुक्कुटपालनात तूस आणि लाकडाचा भुसा सर्रास वापरतात, म्हणून ते कबुतरांनाही चालतील असे वाटते. कोंबडी जमिनीवर चालते, कबुतर पंख फडफडवत उतरते. त्या वाऱ्याने हलकी तूस आणि बारीक भुसा कोपऱ्यांत जमा होतो, जमीन मध्ये उघडी पडते आणि हवेत धूळ भरते. त्यापेक्षा रंध्याचे जाड छिलके बरे. प्लायवूडच्या किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा भुसा मुळीच घेऊ नये. दाबून केलेल्या लाकडी गोळ्या पाश्चात्त्य देशांत अलीकडे लोकप्रिय आहेत. त्या जड असल्याने उडत नाहीत, ओल मिळाली की फुगून भुगा होतात आणि शीट वाळवतात. पण मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत त्या शिटेआधी हवेतलीच ओल पितात आणि आठवड्याभरात त्यांची पेंड होते.

वाळू उडत नाही, सडत नाही आणि चाळणीने चाळून पुन्हा वापरता येते. पण तिचे वजन विसरता कामा नये: १० बाय १० फुटांच्या ढाबळीत दोन इंच कोरडी वाळू पसरली तर भार साधारण साडेसातशे किलो होतो. गच्चीवरच्या लाकडी ढाबळीला तो झेपत नाही. समुद्राची वाळू तर नकोच. कबुतरांना मिठाची आवड असते, ती खारट वाळू भराभर टिपतात आणि मिठाची विषबाधा होऊ शकते.

ब्रिटनमध्ये काही पालक शीटच अंथरण म्हणून ठेवतात. ती वाळून भुरभुरीत होते, अधूनमधून दाताळ्याने हलवतात आणि क्वचितच काढतात. हवा खेळती, गर्दी कमी आणि पाण्याचे भांडे ताटात किंवा बाहेर, या अटी पाळल्या तर ही पद्धत चालते. अंथरणाची परीक्षा हाताने करावी. मूठभर घेऊन दाबले आणि गोळा तसाच राहिला तर ते फार ओले आहे. मूठ उघडताच धूळच उडाली तर फार कोरडे. किंचित जमून लगेच भुगा झाला तर ठीक.

ओल मारण्यासाठी चुना भुरभुरवण्याची सवय अनेकांना आहे. कळीचा चुना कधीही वापरू नये. ओल लागताच तो पाय आणि डोळे भाजतो. विरलेला चुनाही पक्षी बाहेर असताना, अगदी पातळ टाकून, वर कोरडे अंथरण घालावे. जुने गालिचे आणि गोणपाट यांचे सुटे धागे बोटांभोवती गुंडाळतात, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट झडते. वर्तमानपत्र आजारी पक्ष्याच्या पिंजऱ्यात उत्तम, कारण त्यावर शीट दिसते आणि कागद रोज बदलता येतो. ढाबळभर ते टिकत नाही.

महाराष्ट्रात एकच अंथरण बारा महिने ठेवणे चूक ठरते. किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे शोषक थर वाळतच नाही. जून ते सप्टेंबर उघडी फळी किंवा जाळी, रोजची खरवडणी आणि छपराखाली हवेला वाट, हे सर्वांत सुरक्षित. थंडीत, कोरड्या पठारी भागात, काड किंवा जाड छिलके चालतात.

साफ करणाऱ्याच्या फुप्फुसांचाही विचार इथेच करावा लागतो. शिटेची आणि पिसांवरच्या पांढऱ्या पावडरीची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने कबुतरपालकांना अ‍ॅलर्जीतून फुप्फुसांचा दाह होतो, आणि दुर्लक्ष केले तर फुप्फुसे कायमची कडक होतात. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद झाला, त्यात हीच भीती केंद्रस्थानी होती. बंद ढाबळीत धोका अधिक. खरवडताना नाका-तोंडावर घट्ट बसणारा, बारीक धूळ अडवणारा मुखपट्टा हवा. पक्षी बाहेर सोडलेले असावेत आणि खिडक्या उघड्या असाव्यात. फार कोरडी शीट झाडण्याआधी पाण्याचा हलका फवारा मारावा आणि नंतर जमीन उन्हा-वाऱ्यात पूर्ण वाळू द्यावी. निघालेली शीट झाडांना थेट घालू नये. ताजी असताना ती मुळे जाळते. काडाकचऱ्यात मिसळून काही महिने कुजवली की भाजीच्या वाफ्यांना चांगले खत होते.