साखरेचे साथीदार (लेखांक ७)

लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दोघेही मधुमेहाचे संशोधक. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने या दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघे बेतशीर अंगाचेच ठरले असते. पण क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२. सोबतच्या मजकुरात दोघांनी स्वतःची थट्टाही करून घेतली होती : युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी दार बंद व्हायच्या आत रुग्णालयाची लिफ्ट गाठणं.

मात्र सगळा दोष लिफ्टचा नव्हता. याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजनही कमी होतं, आणि नेमका हाच धागा धरून त्यांचा गट १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. ही तूट साऱ्या अंगावर सारखी पडलेली नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान; पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी बरीचशी शाबूत. भारतीय बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त आढळलं. हातापायाच्या काड्या आणि सुटलेलं पोट ही ठेवण आपण ‘खात्यापित्या घरचं’ म्हणून खपवतो. तिची पूर्वतयारी पाळण्याच्याही आधी झालेली असू शकते.

पोट सुटणं आणि साखर वाढणं यांच्या जोडीला आणखी कोण कोण येतं, हे स्टॅनफर्डच्या जेराल्ड रिव्हन यांनी १९८८ मध्ये एका गाजलेल्या व्याख्यानात मांडलं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी एकत्रच बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. या कंपूला त्यांनी ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. त्यांच्या यादीत लठ्ठपणा नव्हताच. कंबरेचा घेर पुढे आला.

आज त्यालाच मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं : भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बाईची ८०, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, ‘चांगलं’ एचडीएल पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. मधुमेह असलेल्याचा एक गुण आधीच पडलेला असतो. कंबर मात्र पॅन्टच्या पट्ट्यापाशी मोजायची नाही. पट्टा पोटाखाली सरकत जातो, म्हणून तर कित्येकांची कंबर वीस वर्षं ‘चौतीसच’ राहते! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप धरायची.

आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात ओततं, एचडीएल घसरतं. साखर बनवणंही ते आवरत नाही. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढायला हातभार लागतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून येतं आणि ‘ते सगळ्यांनाच असतं’ म्हणून फाइलमध्ये जातं. मधुमेह असेल तर हे दुर्लक्ष परवडणारं नाही. दारूला कधी शिवलेलंही नसताना काहींचं यकृत सिरोसिसपर्यंत पोचतं.

एरवी रिपोर्ट हातात आला की नजर जाते ती साखरेची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीवर. ६.९? ‘कंट्रोलमध्ये आहे!’ खालच्या ओळीतलं ट्रायग्लिसराइड २४० आणि एचडीएल ३३ कोणी वाचतच नाही. खरं तर टाइप २ मधुमेहात जीव जातो तो बहुतेकदा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने, आणि तिथे हे साथीदार साखरेइतकेच जबाबदार असतात.

याचा सर्वात बोलका पुरावा कोपनहेगनचा. ‘स्टेनो-२’ या अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे १६० रुग्ण होते. निम्म्यांवर नेहमीचे उपचार. उरलेल्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, सिगारेट अशा सगळ्याच आघाड्यांवर एकदम कोंडी केली. सरासरी ७.८ वर्षांनी दुसऱ्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार जवळजवळ निम्म्यावर आले होते. एकूण २१ वर्षांच्या पाठपुराव्यात या गटाचं आयुष्य मध्यमानाने ७.९ वर्षांनी जास्त भरलं. आणि गंमत अशी की ठरवलेलं साखरेचं उद्दिष्ट या गटातही फार थोड्यांना गाठता आलं; रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल त्या मानाने लवकर वठणीवर आले.

या १६० जणांची निवड झाली ती लघवीमुळे. सगळ्यांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन थोडंथोडं झिरपू लागलं होतं. मूत्रपिंडाच्या चाळणीला इजा होत असल्याची ही पहिली खूण. साध्या लघवी तपासणीत ती सहसा निसटते, त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर वर्षातून एकदा वेगळं तपासायला सांगावं लागतं. या गळतीचा पुढचा प्रवास, डायलिसिसच्या खुर्चीपर्यंतचा, पुढच्या आठवड्यात.