स्वमग्न भावाचा भाऊ

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी, आपली पीजे, सुटायच्या वेळी माझा धाकटा भाऊ फलाटाच्या टोकाशी उभा असे. गाडीला दहा मिनिटे उशीर झाला की कानांवर हात ठेवून तो ओरडू लागे. लोक हसत. मला त्याची लाज वाटे, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा लाज वाटे. घरी एवढेच सांगत, ‘तो भोळा आहे.’

या भोळेपणाचे वर्णन वैद्यकाने आमच्या जन्माआधीच केले होते. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीकत लिहिली. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी आणि ठरलेला क्रम मोडला की कासावीस होणारी अशी ती मुले होती. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. शब्द मला पुरता पटत नाही. माझा भाऊ स्वतःत कुठे मग्न होता? तो गाडीत मग्न होता!

पुढे काही पाश्चात्त्य पंडितांनी याचे खापर मायाहीन आईच्या माथी फोडले. आमच्याकडे पंडित नव्हते, पण शेजारणी होत्या. ‘ग्रहण पाळलं नव्हतंस का?’ हा प्रश्न माझ्या आईने किती वेळा ऐकला असेल! १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो अशाच एका मुलाचा बाप होता, तो आरोप खोडून काढला. १९७७ साली ब्रिटनमध्ये २१ जुळ्या जोड्या तपासल्या गेल्या. एकसारख्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले, निराळ्या १० जोड्यांत एकही जोडी तशी नव्हती. म्हणजे मूळ पुष्कळसे अनुवंशात आहे. म्हणूनच पाठच्या भावंडात स्वमग्नता असण्याचा संभव सुमारे पाचांत एक असतो, आणि त्याच्याकडे तान्हेपणापासून लक्ष ठेवावे लागते.

अशा घरातले दुसरे मूल फार शहाणे होते. त्या शहाणपणाची मला धास्ती वाटते. कारखान्यात जो कामगार कधीच तक्रार करत नाही, त्याच्याच वाट्याला जादा पाळी येते. मीही ताप आला तरी ‘बरा आहे’ म्हणत असे. रात्री मात्र आईबापांचे बोलणे कानी पडे, ‘आपल्यामागे याचं कसं?’ त्याचे उत्तर मी होतो, पण मला कोणी विचारले नाही. बहिणींची गोष्ट तर याहून वाईट. स्थळ मोडेल म्हणून भावाला आतल्या खोलीत बसवतात.

मित्रहो, या प्रश्नाला आता कायद्याची वाट आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. आपल्याला त्यासाठी जळगावला जिल्हाधिकारी कचेरीत जावे लागते. अर्ज आईबाप करू शकतात, तसा भाऊ वा बहीणही. पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामापुरती, हे समिती पाहते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, म्हणजे भावाची जमीन गुपचूप आपल्या नावावर करणाऱ्यांची थोडी पंचाईत होते. हा अर्ज आईबापांचे हातपाय चालतात तोवर करावा, आणि त्याआधी दुसऱ्या मुलाला समोर बसवून विचारावे, ‘तुला झेपेल का?’ ‘नाही’ म्हणण्याची त्याला मुभा हवी.

आमच्याकडे वडील गेल्यावर मी अर्ज केला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पीजे थांबली. टाळेबंदी उठल्यावर भाऊ पुन्हा ठरल्या वेळी घरातून निघू लागला. त्याला समजावण्याचा नाद मी सोडला. त्या वेळी आम्ही दोघे मोठ्या लाइनीवरच्या मालगाड्यांचे डबे मोजतो. त्याची मोजणी चुकत नाही. माझी चुकते, मग तो मला पुन्हा पहिल्यापासून सांगतो.