थोरलीच्या कडेवर

भाऊबीज उरकली की चौक, खालापूर, कर्जतकडच्या कातकरीवाड्या रिकाम्या व्हायला लागतात. टेम्पो येतो, गोधड्या-पातेली-कोंबड्या चढतात, मागोमाग माणसं. पनवेल, पेण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात हाताला काम नव्हतं तेव्हा मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको दोघांचेही हात लागतात. मग तान्हं कुणाकडे? थोरलीकडे. आणि ही थोरली आठ-नऊ वर्षांची.

भट्टीवर मजुरी हजार विटांवर मोजतात. बापानं गारा कालवायचा, आईनं साच्यातून वीट काढायची. एक थांबलं की दुसऱ्याचं काम अडतं. म्हणून पहाटे अंधारात आई कामाला लागते आणि भोंग्यातली, म्हणजे कच्च्या विटा रचून उभ्या केलेल्या खोपीतली, सगळी सत्ता या मुलीकडे येते. लुगड्याच्या झोळीला झोका द्यायचा, भूक लागली की बाळाला आईच्या अंगावर प्यायला नेऊन परत आणायचं, रांगायला लागलं की पाण्याच्या खड्ड्यापासून आणि पेटत्या भट्टीपासून राखायचं. मधून पाणी भरायचं, वाळत घातलेल्या विटा उलटायच्या. पाठचा जरा मोठा असेल तर त्याचं नाक पुसायचं, त्याची भांडणं मिटवायची. धाकट्यांना तिला ‘ताई’ म्हणायला शिकवावं लागत नाही.

वाडीतही ती भावंडं सांभाळतेच. पण तिथे आजी असते, शेजारची काकी असते. बाळ या अंगणातून त्या अंगणात फिरतं. भट्टीवर यातलं कुणी नसतं. मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार्गारेट मीड या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1925-26 मध्ये सामोआ बेटांवर राहून 1928 साली पुस्तक लिहिलं. सहा-सात वर्षांच्या मुली दिवसभर धाकटी भावंडं कडेवर घेऊन हिंडतात, असं त्यात आहे. पुढे सामोअन कुटुंबं कारखान्यांतल्या कामासाठी न्यूझीलंडला गेली. गावातलं मोठं गोत मागे राहिलं, की आई-बाप पाळीवर गेल्यावर जबाबदारी एकट्या थोरलीवर येऊ शकते. ऑकलंड असो की पेण, स्थलांतराचा हा भार सारखाच असावा.

शाळेच्या पटावर हिचं नाव असतंच. ‘आई-बापांना शिक्षणाची गोडी नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता राग येतो. बाळ सोडून ती शाळेत गेली तर आईनं विटा पाडायच्या कशा? सरकारनं 2010 पासून शिक्षणाचा हक्क लागू केला, 2016 मध्ये बालमजुरीचा कायदा बदलून चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी घातली. मात्र शाळेनंतर घरच्यांना मदत करायला मोकळीक ठेवली. आणि भावंड सांभाळणं हे काम आहे, असं तर कुणी मानतच नाही.

हे फार आधी ओळखलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेल्या. मुली शाळेत का येत नाहीत याचं उत्तर त्यांना मुलींच्या कडेवरच दिसलं. मग तिथल्या ‘विकासवाडी’ नावाच्या केंद्रात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली पाटीशी. गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. शाळेनं मुलीला बाळ घरी ठेवून ये म्हटलं नाही, घेऊन ये म्हटलं. भट्ट्यांवर वसईकडे ‘विधायक संसद’ या संस्थेनं भोंगाशाळा काढल्या, त्यामागचा विचारही हाच: मूल जिथे आहे तिथे शाळा जावी.

‘अंगणवाडी’ हा शब्दही ताराबाई-अनुताईंच्या कामातूनच आला. 2 ऑक्टोबर 1975 पासून तो सरकारी योजनेनं देशभर नेला. पण अंगणवाडीत बसवून शिकवतात ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार मिळतो, बहुतेक ठिकाणी दिवसभर सांभाळणारं कुणी नाही. म्हणजे सगळ्यात जास्त कडेवर असणारं मूलच बाहेर राहिलं. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तीही शाळकरी मुलांची. दीड वर्षाच्या भावाला तिथे जागा नाही. म्हणून ताई टेम्पोत चढते.

थोरलेपण फक्त भट्टीवरच येतं असं नाही. चौकजवळ, इर्शाळगडाच्या पोटाशी ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली; 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ता राहिली. आश्रमशाळेत निजलेली काही मुलं त्यामुळे वाचली. त्या मुलांकडे पाहताना मला सतत वाटत राहिलं, की आता त्यांच्यातल्या थोरल्यांना कुणी न सांगताच थोरलेपण आलं असेल.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा भट्टीवरची कुटुंबं वाडीत परतलेली असतात. थोरली शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहते, बाळ कडेवर. आत गेलं की ते रडतं, वर्ग तिच्याकडे वळून बघतो आणि ती परत पायरीवर येते. वर्गाच्या कोपऱ्यात एक झोळी बांधायला दोन हूक आणि एक दोर लागतो.