मील्केची पोती

संपादक म्हणाले, 'मील्केवर लिही. कसा चढला, कसा पडला.' म्हणून बर्लिनच्या लिख्टेनबर्ग भागातलं स्टासीचं, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, जुनं मुख्यालय गाठलं. तिथे एरिख मील्केचं दालन जसंच्या तसं जपलंय आणि एक साधं कार्डही. साहेबांच्या न्याहारीचा ट्रे कसा मांडायचा, त्याचा त्यावर नकाशा: बशी कुठे, चमचा कुठे, दोन अंडी साडेचार मिनिटं उकडून. या खात्यात तोंडी काही नव्हतंच!

चढण थोडक्यात. जन्म 1907, बर्लिनच्या कामगार वस्तीतला. 1931 मध्ये दोन पोलीस अधिकाऱ्यांना गोळ्या घालून मॉस्कोला पळाला. 1957 पासून 1989 पर्यंत स्टासीचा मंत्री. अखेरीस हाताखाली सुमारे 91,000 कर्मचारी, खबरे त्याच्या जवळपास दुप्पट.

मी रमलो ते खात्याच्या नोंदकार्डांत. एका कार्डावर माणसाचं खरं नाव आणि नोंदणी क्रमांक. दुसऱ्यावर तोच क्रमांक आणि टोपणनाव, खरं नाव नाही. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय खबऱ्या सापडत नाही. नावंही स्पेलिंगप्रमाणे नाही, उच्चाराप्रमाणे लावलेली. 'मायर' कसंही लिहा, खण एकच. चित्रगुप्ताने शिकवणी लावावी अशी ही व्यवस्था. कौतुक वाटलं आणि त्या कौतुकाचीच भीती वाटली.

13 नोव्हेंबर 1989 ला, भिंत उघडून चार दिवस झाले असताना, मील्के संसदेत म्हणाला की माझं सगळ्या माणसांवर प्रेम आहे. सभागृह हसलं. पुढे खटला चालला तो 1931 च्या खुनांचा. त्या प्रकरणाची जुनी कागदपत्रं निघाली खुद्द त्याच्याच तिजोरीतून. 1993 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

भिंत उघडली त्याच सुमारास खात्याने कागद संपवायला घेतले होते. यंत्रं त्या भाराखाली बंद पडली, मग माणसं हातांनी फाडत बसली. 15 जानेवारी 1990 ला लोक मुख्यालयात घुसले. मागे राहिली सुमारे 16,000 पोती. फाडणारेही शिस्तीचे, एका पानाचे तुकडे बहुधा एकाच पोत्यात पडले. 1995 पासून न्यूरेंबर्गजवळ काही कर्मचारी ते जुळवायला बसले. कागदाचा रंग बघायचा, अक्षराचं वळण बघायचं, फाटलेली कड कडेला लावायची, वर चिकटपट्टी. वीस वर्षांत जेमतेम पाचशे पोती झाली.

मग संगणक आला. तुकडे जुळवणारा प्रोग्रॅम चांगलाच होता, पण घोडं अडलं स्कॅनरपाशी. आधी प्रत्येक चिटोरा हाताने सरळ करायचा, मांडायचा, दोन्ही बाजूंनी टिपायचा. त्या वाटेने पंचवीस पोतीही पुरी झाली नाहीत. पंधरा हजारांवर पोती अजून तशीच आहेत.